डोळेमिटे बाबा आणि वॉर्ड नंबर तीन

बर्फाचा जुना कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली होती, पण त्या रविवारी सकाळी अकरा वाजता त्याच्या पत्र्याखाली दीड हजार माणसं घामाने निथळत बसली होती. मंचावर उंच खुर्ची, खुर्चीत डोळेमिटे बाबा, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना भिंतीएवढे पडदे. मागच्या रांगेतल्यांनाही बाबांचे मिटलेले डोळे नीट दिसावेत म्हणून ती सोय.

"मी बघत नाही रे बाळांनो," बाबा माइकमध्ये म्हणाले, "मला दिसतं. बघणाऱ्याला डोळे लागतात. दिसणाऱ्याला डोळ्यांचं काय काम?"

टाळ्या कडाडल्या. या वाक्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. त्या दिवशी मात्र सगळ्यांना लागला असावा.

पहिला नंबर एका गॅरेजवाल्याचा लागला. बाबांनी मान तिरकी केली, जणू लांबून कुणी हाक मारतंय. "बाळा, तुझ्या पोटावर उजवीकडे एक वाट आहे. सुरीने काढलेली. थांब, आकडा येतोय... नऊ टाके!" गॅरेजवाल्याने शर्ट वर केला. पडद्यावर भला मोठा व्रण दिसला. टाके मोजायला कुणी गेलं नाही.

मग एक निवृत्त शिक्षिका. "आई, तुझ्या घराचा वरचा मजला गेल्या मार्चपासून अंधारात आहे. कुणीतरी दिवा मालवून गेलंय तिथून." बाई ओक्साबोक्शी रडू लागल्या. त्यांचा मुलगा सून घेऊन वेगळा राहायला गेला होता, मार्चमध्येच.

मी मागच्या रांगेत उभी राहून हे बघत होते. मी शहराच्या इस्पितळात नोंदी सांभाळते. कोण कधी आलं, काय झालं, कसं घरी गेलं, हे सगळं कागदावर आणि कॉम्प्युटरवर ठेवणं हे माझं काम. इस्पितळातले निम्मे लोक बाबांकडे जाऊन आले होते, म्हणून मीही एकदा गेले. बाबा कुणाला काही विचारत नाहीत, याचं लोकांना केवढं कौतुक! खरंच होतं ते. विचारायचं काम फाटकावरच्या बायका करायच्या. पायताणं ठेवायची तर वहीत नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर लिहायचा, मग बिल्ला मिळायचा. चपलेला जन्मतारीख कशाला लागते, हा प्रश्न दीड हजारांत एकालाही पडला नाही. मलाही नाही. मीही मुकाट्याने लिहून आत आले होते.

तिसऱ्यांदा एक जोडपं पुढे आलं. नवरा वेल्डर, हातांवर ठिणग्यांचे डाग, बायको अंग चोरून उभी. बाबांनी मान आणखी तिरकी केली. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तुमचं पहिलं बाळ. सातव्या महिन्यात आलं. मुलगी. दोन दिवस राहिली आणि गेली."

वेल्डरच्या तोंडून हुंदका फुटला. बायकोने काहीतरी पुटपुटत मान हलवली, पण गर्दीच्या सुस्काऱ्यात ते विरून गेलं.

"ती गेली नाही बाळा. तिला पाठवलं." बाबांनी बोट हवेत उचललं. "मला पांढरे कपडे दिसतात. एकच हात दिसतो. आणि त्या हाताखाली... एक, दोन, पाच, अकरा... सतरा! सतरा बाळं! सगळी एकाच हातातून गेली."

"नाव सांगा बाबा!" कुणीतरी ओरडलं.

"नाव घेणं माझ्या धर्मात बसत नाही," बाबा म्हणाले. "वॉर्ड नंबर तीन. एकतीस वर्षांची नोकरी. इतकंच."

वॉर्ड नंबर तीनमध्ये एकतीस वर्षं नोकरी झालेली एकच बाई होती. सगळं शहर तिला मोठ्या सिस्टर म्हणायचं. मी आत्या म्हणायचे, कारण ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण होती.

आठ दिवसांपूर्वीच आत्याने बाबांच्या दोन सेवकांना वॉर्डातून हाकललं होतं. ते बाबांनी फुंकर मारलेलं पाणी कमी दिवसांच्या बाळांना पाजायला आले होते. आत्याने बाटली मोरीत रिकामी केली आणि म्हणाली, "तुमच्या बाबांना सांगा, आधी हात धुवा, मग फुंकर मारा." आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता दीड हजारांपैकी निदान तीनशे माणसं उठली होती. बाबा डोळे मिटून म्हणत होते, "शांत राहा बाळांनो, शांत राहा," आणि त्यांच्या त्या शांत राहा म्हणण्यातच असं काही होतं की माणसं पळू लागली.

मीही पळाले. इस्पितळ जेमतेम दहा मिनिटांवर. वाटेत फोन लावत होते, वॉर्डातला फोन कुणी उचलत नव्हतं. गल्लीतून आडवी जाऊन मी त्यांच्याआधी जिन्यापाशी पोचले आणि खालूनच ओरडले, "आत्या, दार लावून घे!"

मी वर धावले. तिने दार लावलं. बाळांच्या खोलीचं. बाहेरून. कुलूप घातलं, किल्ली पोलक्यात टाकली आणि स्वतः दारासमोर उभी राहिली. आत काचेच्या पेट्यांमध्ये अकरा बाळं होती.

"आत्या, तू आत जा ना!"

"आत गेले तर ते आत येतील," ती म्हणाली. "जंतू घेऊन."

तेवढ्यात जिना भरून गेला. पुढच्या माणसाने मला केसाला धरून बाजूला फेकलं. मी रेलिंगवर आपटले, कुणाचा तरी बूट माझ्या बरगडीत बसला, आणि आतून काहीतरी कट्कन मोडल्याचं मलाच ऐकू आलं. श्वास घेता येईना. तशीच पडल्या पडल्या मी बघत राहिले. त्यांनी आत्याचा चष्मा चेहऱ्यावरच फोडला. तिने डोळ्यावर हात घेतला तेव्हा बोटांमधून रक्त वाहत होतं.

"किल्ली दे, डाकिणी!"

"नाही देणार."

तिला पायांना धरून जिन्यावरून ओढलं. एकोणीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तिचं डोकं आपटत होतं आणि खालचे लोक मोजत होते. खरंच मोजत होते, मोठ्याने, मजेत. खालच्या चौकात वेल्डर उभा होता, हातात फूटभर लांबीचा पाना. दोघांनी आत्याचा उजवा हात पायरीवर दाबून धरला. "हाच ना तो हात?" तो म्हणाला आणि त्याने पाना खाली आणला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हाडाचा आवाजही आला नाही, कारण तिथे हाड उरलंच नव्हतं.

आत्याने किल्ली दिली नाही. सायरन वाजला तसे ते पांगले. वरच्या खोलीत अकराच्या अकरा बाळं जिवंत होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी माझ्या खाटेजवळ वही घेऊन बसले. "बाई, जमाव अनोळखी, असं लिहावं लागेल. तुमच्याशिवाय कुणी साक्ष द्यायला तयार नाही. उलट लोक म्हणतायत, बाबा खोटं बोललेच नाहीत. सतरा बाळं गेली की नाही, तेवढं सांगा."

मला आकडा माहीत नव्हता. बरगड्यांना पट्टा बांधून मी नोंदींच्या खोलीत गेले आणि शोधलं.

हे शोधणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. वर्षभरापूर्वीपर्यंत आमच्या शहरात चार दप्तरं चार दिशांना होती. इस्पितळाचं वेगळं, नगरपालिकेचं जन्म-मृत्यूचं वेगळं, शाळांचं वेगळं, वीज कार्यालयाचं वेगळं. एका दाखल्यासाठी माणूस चार खिडक्यांवर उभा राहायचा. मग एक शोध-सर्व्हर आणला. एकाच चौकटीत नाव टाकायचं, तो चारही दप्तरांना एकदम विचारतो आणि जिथे जिथे ते नाव आहे तिथलं सगळं एका पानावर आणून ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशीच सूची त्याने चारही दप्तरांची आधीच करून ठेवलेली असते, म्हणून क्षणात सापडतं. त्यात चमत्कार काही नाही. सोय आहे, आणि चांगली सोय आहे.

मी चौकटीत टाकलं: वॉर्ड तीन, आत्याचं नाव, मृत. पान आलं. सतरा.

मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला माझ्या आत्याची भीती वाटली. लहानपणापासून जिच्या मांडीवर वाढले तिच्याबद्दल मनात पाल चुकचुकली. पट्ट्याखालच्या बरगड्या दुखत होत्या, आणि तरीही मी त्या सतरा ओळींकडे बघत विचार करत होते की बाबांना हे कसं कळलं.

संध्याकाळी आत्या शुद्धीवर आली. डावा डोळा गेला होता. उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली होती. मी चाचरत विचारलं, "आत्या, तुझ्या हातून सतरा बाळं..."

"सतरा," ती म्हणाली. "सगळ्यांचं वजन पाठ आहे मला. सगळ्यात लहान सातशे ग्रॅमचं होतं." मग तिने राहिलेला डोळा माझ्याकडे वळवला. "आणि वाचलेली किती, ते विचारलंस का तुझ्या यंत्राला?"

मी विचारलं नव्हतं.

रात्रपाळीची बाई खोलीत यायच्या आत मी परत गेले आणि तीच चौकट उघडली. वॉर्ड तीन, आत्याचं नाव, आणि मृतच्या जागी घरी गेले. पान संपेना. दोन हजार तीनशे सहा. ज्यांची आशा सोडली अशी बाळं एकतीस वर्षं याच वॉर्डात येत होती, आणि ती सगळी आत्याच्या हाताखाली होती. मरणाऱ्यांमध्ये तिचं नाव असणारच, कारण जगणाऱ्यांमध्येही तिचंच होतं. बाबांनी फक्त मृत्यू विचारले होते, म्हणून फक्त मृत्यूच आले.

पण बाबांनी विचारलं कुणाला?

ते तिसऱ्या दिवशी कळलं. वेल्डरची बायको डोक्यावरून पदर घेऊन मागच्या दाराने आली. तिला आत्याला बघायचं होतं. आत्या झोपली होती. ती पायथ्याशी उभी राहून रडत राहिली आणि मग मला म्हणाली, "ताई, माझ्या नवऱ्याने हे केलं. पण एक सांगू का? बाबा चुकले होते. मी तिथेच म्हणाले, पण कुणी ऐकलं नाही."

"काय चुकले?"

"मुलगी नव्हती हो. मुलगा होता. मोठ्या सिस्टरनी मला त्याला छातीशी धरू दिलं होतं. नवरा तेव्हा बाहेरगावी कामावर होता, त्याने बाळ पाहिलंच नाही, आणि पुढे आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पण आईला कळणार नाही होय?"

मी तिला हाताला धरून नोंदींच्या खोलीत नेलं. जुनं कागदी रजिस्टर काढलं. आत्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: मुलगा, अकराशे ग्रॅम. मग कॉम्प्युटर उघडला. तिथे होतं: मुलगी. ती नोंद कागदावरून कॉम्प्युटरवर मी स्वतः चढवली होती, पाच वर्षांपूर्वी, घाईत, चूक करून.

म्हणजे त्या बाळाला मुलगी म्हणणारी जगात एकच जागा होती, ती म्हणजे माझी चूक. आणि अंतर्यामी बाबांना माझी चूक तोंडपाठ होती!

मी पोलीस अधिकाऱ्यांकडे धावले. त्यांनी ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला. "बाई, एका चुकीवर मी दीड हजारांच्या बाबाला हात लावू? उद्या माझं ठाणं जाळतील."

"मग दुसरी चूक आणते. मुद्दाम केलेली."

इस्पितळाच्या बड्या डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली, ती पाकिटात घालून ठाण्यात ठेवली, आणि मी कॉम्प्युटरवर एक माणूस जन्माला घातला. नाव बनावट, जन्मतारीख बनावट. डावं मूत्रपिंड काढलेलं. बायको वॉर्ड तीनमध्ये बाळंतपणात गेली, जुळी मुलं तिच्यासोबत. असा माणूस या पृथ्वीवर नव्हता. त्याच्या जागी उभा राहायला मी परगावच्या मामेभावाला बोलावलं. तो ट्रक चालवतो, देह दांडगा, जीभ त्याहून दांडगी. त्याला सगळं सांगितलं तेव्हा म्हणाला, "ताई, मार पडेल ना?"

"पडेल."

"बरं. जेवून जातो मग."

रविवारी त्याने फाटकावर बनावट नाव लिहिलं, चपला दिल्या. वेल्डरची बायको माझ्याबरोबर होती, स्वतःहून आली होती. साध्या कपड्यातले चार पोलीस गर्दीत पसरले, आणि अधिकारी स्वतः माझ्याबरोबर कारखान्याच्या मागे थांबले. तिथे बर्फ साठवायची जाड भिंतींची खोली होती. कारखाना बंद, तरी तिच्या भिंतीवर नवंकोरं थंड हवेचं यंत्र गुरगुरत होतं आणि मनगटाएवढी केबल आत गेली होती. पत्र्याखाली भक्त उकडून निघत होते आणि रिकाम्या खोलीला गारवा. एवढं पुरेसं होतं. आम्ही मंचावरचा आवाज ऐकत थांबलो.

"बाळा," बाबांचा आवाज गदगदला, "तुझी डावी बाजू रिकामी आहे. एक मूत्रपिंड नाही तुला."

"बाबा!" मामेभावाने असा हंबरडा फोडला की माझ्याच अंगावर काटा आला.

"आणि घरही रिकामं आहे. ती गेली. दोन जीव घेऊन गेली. वॉर्ड नंबर तीन!"

गर्दी गुरगुरली. तेवढ्यात मामेभावाने माइक ओढून घेतला. "बाबा, एक शंका. अहो बायको गेली म्हणता, पण ती अजून आलीच नाही! आईने सहा वर्षं स्थळं बघून हात टेकले." त्याने शर्ट काढूनच टाकला आणि सावकाश गोल फिरला. दोन्ही पडद्यांवर त्याचं पोट दिसत होतं, पिंपासारखं, एकही ओरखडा नसलेलं. "कुठून काढलं मूत्रपिंड? तोंडातून?"

मग बाबा मिटल्या डोळ्यांनी गडगडले, "मूर्खा! मला तुझा मागचा जन्म दिसला!"

"मागच्या जन्मीही वॉर्ड नंबर तीनच होता का हो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. एका हसण्याने काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. बाबांनी डोळे उघडले. बाबांचे उघडे डोळे लोकांनी पहिल्यांदाच पाहिले, आणि ते घाबरलेले होते.

सेवक लाठ्या घेऊन मामेभावावर तुटून पडले. पहिल्याच फटक्यात त्याचं गळ्याचं हाड मोडलं, दुसऱ्यात दोन दात गेले. त्याने एकाला खांद्यावरून मंचाखाली फेकलं, पण ते सहा होते. साध्या कपड्यातले पोलीस गर्दीतून वाट काढत होते. इकडे अधिकाऱ्यांनी बर्फाच्या खोलीचं दार लाथेने उघडलं.

आत गारठा होता. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी चपलांची वही, आणि माइकसमोर बसलेला माणूस आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. आम्ही त्याला खोकेवाला म्हणायचो. चारही दप्तरांना जोडणारं शोध-सर्व्हरचं खोकं त्यानेच बसवलं होतं. एक आमच्यासाठी, आणि चारही दप्तरांची रोज नक्कल उचलून दुसरं इथे. तो वहीतलं नाव चौकटीत टाकायचा, पान उघडायचं, तो वाचायचा, आणि बाबांच्या कानातल्या दाण्याएवढ्या यंत्रात ते ऐकू जायचं.

आम्हाला बघून तो खुर्चीसकट मागे सरकला. अधिकाऱ्यांनी त्याची मानगूट धरून तोंड टेबलावर दाबलं. नाकातून रक्ताची धार वाहिली.

"मी कुणाला मारलं नाही!" तो किंचाळला. "मी फक्त वाचून दाखवत होतो! ती सतरा बाळंही बाबांनीच शोधायला सांगितली. म्हणाले, त्या नर्सचं काहीतरी काढ."

"हे पान बाहेरच्या पडद्यांवर लाव," मी म्हणाले.

बाहेर बाबांच्या चेहऱ्याच्या जागी ती चौकट उमटली. मी मंचावर चढले. मामेभाऊ रक्ताने माखून कोपऱ्यात बसला होता, पोलीस मध्ये उभे होते. वेल्डरची बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माइकमध्ये म्हणाली, "माझं नाव टाका. माझी हरकत नाही."

नाव टाकलं. पडद्यावर तिची शाळा आली, घराचं मीटर आलं, वॉर्ड तीन आला, सातवा महिना, दोन दिवस, मुलगी.

"मुलगा होता तो," ती दीड हजार लोकांना म्हणाली. "बाबांना जे दिसलं ते हे. आणि हे चुकीचं आहे."

मग मी बाबांचा प्रश्न विचारून दाखवला: मृत. सतरा ओळी. नंतर दुसरा प्रश्न: घरी गेले. नावं झाकली होती, फक्त जन्माची तारीख आणि वेळ ठेवली होती. ओळी वर सरकू लागल्या. सरकतच राहिल्या. पुढच्या रांगेतला एक माणूस हळूच म्हणाला, "ही माझ्या पोरीची तारीख आहे." मग कुठूनतरी दुसरा. मग बायका उभ्या राहून पडद्याकडे बोटं दाखवू लागल्या. जिन्यावर पायऱ्या मोजणारा एकजण मला ओळखू आला. तो तोंडावर हात दाबून बसला होता.

इथेच हे संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

"मारा त्याला!" कुणीतरी ओरडलं, आणि त्याच माणसांची तीच लाट उसळली, फक्त तोंड बाबांकडे. खुर्ची उलथली. पाच-सहा जणांनी बाबांना खाली ओढलं. एकाने त्यांच्याच माइकची दांडी त्यांच्या जबड्यावर हाणली आणि जबडा एका बाजूला लोंबला. वेल्डर सगळ्यांना ढकलत पुढे आला. त्याच्या हातात बर्फ फोडायची गंजलेली पहार होती.

मी मध्ये पडले. शौर्य वगैरे काही नव्हतं, मोडक्या बरगड्या घेऊन कसलं शौर्य? पण आत्याच्या हाताखाली ती पायरी होती तशीच इथे बाबांच्या डोक्याखाली फरशी होती, आणि ते मला दुसऱ्यांदा बघवणार नव्हतं.

"सरक ताई," वेल्डर म्हणाला. "याने मला खुनी केलं."

"पाना तुझ्या हातात होता," मी म्हणाले. "याने बोट दाखवलं, तू विचारलंस का काही? आज मी बोट दाखवलं, लगेच पहार! मी खोटी असते तर?"

मागून आलेला दगड माझ्या कपाळावर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. मी बाबांच्या अंगावरच कोसळले, आणि माझ्यावर वेल्डरची बायको आडवी पडली. तिच्या पाठीवर पहार आणणं त्याला जमलं नाही. पहार त्याच्या हातातून खाली पडली आणि तो तिथेच बसला. गर्दी हळूहळू गप्प झाली, आणि पोलिसांनी बाबांना झोळीसारखं उचलून गाडीत घातलं.

बाबा आणि खोकेवाला तुरुंगात गेले. वेल्डर दुसऱ्याच दिवशी पाना घेऊन ठाण्यात हजर झाला आणि त्याने सगळा गुन्हा कबूल केला. जिन्यावरच्या आणखी चोवीस जणांची नावंही त्यानेच दिली. मामेभाऊ दोन नवे दात बसवून परत गाडी चालवतो.

महिन्याभराने शहरात सभा भरली. मागणी अशी की शोध-सर्व्हर फोडून टाका. "ते खोकंच अपशकुनी आहे," एक गृहस्थ तावातावाने सांगत होते. "त्याच्यात काहीतरी शिरलंय!" लोक माना डोलवत होते. बाबा गेले, तर आता यंत्राच्या अंगात आलं!

आत्या माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. एका डोळ्यावर पट्टी, उजवा हात गळ्यात बांधलेला. ती मोठ्या आवाजात कधीच बोलायची नाही, त्या दिवशीही बोलली नाही. लोकांनाच गप्प व्हावं लागलं.

"परवा एक बेशुद्ध माणूस आणला," ती म्हणाली. "खिशात नुसतं ओळखपत्र. ह्या पोरीने नाव टाकलं, तर शाळेच्या जुन्या दाखल्यावर लिहिलेलं सापडलं की ह्याला अमुक इंजेक्शन चालत नाही. आम्ही तेच भरून ठेवलं होतं. टोचलं असतं तर तो आमच्याच हातून गेला असता." ती जरा थांबली. "माझा हात यंत्राने मोडला नाही. यंत्राला कुलूप लावा, चोरून नक्कल करता येणार नाही असं करा, कुणी काय शोधलं त्याची नोंद ठेवा. फोडताय कशाला? फोडाफोडी पुरे झाली."

सर्व्हर राहिला. आता त्यावर कुणी काय विचारलं ते रोज माझ्या वहीत उतरतं, आणि ज्याच्याबद्दल विचारलं त्याला कळवलं जातं.

वाचकहो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. उद्या एखादा माणूस तुमच्या आयुष्यातली अशी गोष्ट सांगेल जी फक्त तुम्हालाच माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. तुमच्या अंगावर काटा येईल. येऊ द्या. पण हात जोडण्याआधी आठवा, ही गोष्ट कुठे कुठे लिहिलेली आहे आणि ती आणखी कुणाला वाचता येते. त्याने जे सांगितलं त्यात चूक कुठे आहे ते शोधा. जे सांगितलं नाही तेही विचारा. आणि त्याने कुणाकडे बोट दाखवलं तर निदान दहा मिनिटं जागचे हलू नका. माझ्या आत्याला तेवढीच दहा मिनिटं हवी होती.